आर्डिसचं बटण

हॅन्लन गावच्या पोस्टात खिडकीमागे मी आणि रस्त्यावर आर्डिस फेलस्टाड, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं होतं. सकाळी मी टपाल लावून द्यायचे. ती आपल्या पिकअप ट्रकमध्ये खोकी भरायची आणि उत्तरेकडं, मिसुरी नदीच्या अंगाला जो दऱ्याखोऱ्यांचा मुलूख आहे, तिथल्या गुरं पाळणाऱ्या रँचांवर वाटायला निघायची. ट्रक तिचा स्वतःचा, टपालाचा ठेकाही तिच्याच नावावर. तिचा नवरा पामर गेला तेव्हा गावातल्या चारचौघांनी तिला समजावलं, ठेका सोड, हे बाईमाणसाचं काम नाही. तिनं त्या चौघांची नावं लक्षात ठेवली आणि पुढं कधीही त्यांच्यापैकी कुणाच्या घरी नाताळचा केक पाठवला नाही.

आर्डिसला रागवायला कारण लागत नाही, असं गावात म्हणायचे. हे साफ खोटं आहे. कारण नेहमी असायचं. बहुतेक वेळा म्हणणाराच ते असायचा.

एका वर्षी, बर्फ पडायला लागायच्या थोडं आधी, तिच्या ट्रकचं दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल गेलं. आतले दाते मोडून तेलात पडले होते आणि ट्रक खडखडत गावात आला तो थेट ओडेलच्या गॅरेजात. ओडेल सुंडवोल्ड म्हणजे तिचा थोरला भाऊ. गावात गॅरेज एकच, आणि ओडेलचा हात असा की शेजारच्या तालुक्यातूनही लोक त्याच्याकडं आस उघडायला यायचे. दुपारी मी तिला घरी सोडायला म्हणून तिथं गेले तर वाद ऐन रंगात आला होता. कोपऱ्यातल्या शेगडीजवळ धान्याच्या कोठाराचा मालक बेन्ट होल्टे आणि आणखी दोघं कॉफीचे कप घेऊन बसलेले. काम कुणाचं काही नव्हतं.

"लिमिटेड स्लिप टाकतो," ओडेल म्हणाला. "आपलं आपण काम करतं. तुला काही बघायला नको."

"मला बघायचंय," आर्डिस म्हणाली. "मला लॉकर पाहिजे. बटणाचा."

"अगं, ऐकून तर घे."

"ऐकलंय. तुझ्याकडून वीस वेळा ऐकलंय. साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक घसरतं त्यालाच सगळी ताकद जाते, दुसरं नुसतं बघत बसतं. लिमिटेड स्लिपमध्ये आत चकत्या असतात, त्या घासतात आणि थोडी ताकद न घसरणाऱ्या चाकाला देतात. थोडी. लॉकर दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकतो. एक फिरलं की दुसरं फिरलंच पाहिजे. बरोबर?"

"बरोबर. आणि बर्फावर?"

"बर्फावर लॉकर लागलेला असला तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि ट्रकचं बूड फिरतं. म्हणून तर बटणाचा मागतेय. आपला आपण लागणारा मागत नाही. डांबरी रस्त्यावर, बर्फावर मी बटणाला हात लावणार नाही. गोल्डी राशच्या वाटेवरच्या ओढ्यात एक चाक हवेत लटकलं की लावीन. त्या वेळी तुझ्या चकत्या माझी काय मदत करणार, सांग. हवेतल्या चाकाला जोरच लागत नाही, मग दुसऱ्याला त्या काय देणार?"

ओडेलनं नुसती मान डोलावली. कारण ती म्हणत होती ते खरं होतं.

"आणि बटण बंद करायला विसरलीस तर?" शेगडीजवळून बेन्टनं विचारलं.

"तुझं कोठार तू उघडं टाकून गेलास आणि अर्धा गहू भिजला, ते मी नाही, तू."

बाकीचे दोघं हसले. बेन्टनं कपात तोंड घातलं. ओडेल फडक्यानं हात पुसत बराच वेळ त्या उघड्या आसाकडं बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बरं. मागवतो लॉकर."

आठवड्यानं ट्रक तयार झाला. डॅशबोर्डवर लाल बटण, त्याच्याशेजारी छोटा हिरवा दिवा. ओडेलनं तिला बसवून दाखवलं. बटण दाबलं की दिवा लागायचा आणि बॉनेटखालून हवेच्या पंपाची घुरघुर ऐकू यायची. "पंपाची हवा आसात जाते आणि लॉकर लागतो," तो म्हणाला. मजुरी घेतली नाही. बहिणीचं काम, म्हणाला. तिनं त्याला संध्याकाळी घरी जेवायला बोलावलं. हे सगळं मी मुद्दाम सांगतेय. पुढं लोक म्हणायला लागले की आर्डिसच्या मनात भावाविषयी पहिल्यापासून अढी होती. नव्हती.

हिवाळाभर तिनं बटणाला हात लावला नाही. बर्फच बर्फ होतं, आणि बर्फावर लावायचं नाही हे तीच तर सांगत होती.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि माती सुटली. आमच्याकडची माती कोरडी असते तेव्हा फरशीसारखी कडक, आणि भिजली की चाकाला अशी बिलगते की चाक कुठं संपलं आणि चिखल कुठं सुरू झाला ते कळत नाही. एप्रिल हा पिल्लांचाही महिना. अंडी उबवणाऱ्या कंपन्या कोंबडीची एक दिवसाची पिल्लं भोकं पाडलेल्या खोक्यांतून टपालानं पाठवतात. त्या दिवसांत माझं पोस्ट सकाळपासून चिवचिवत असतं. त्या दिवशी दोन खोकी होती, दोन्ही गोल्डी राशची. गोल्डी म्हणजे रस्त्याच्या अगदी टोकाला राहणारी म्हातारी. तिचा रस्ता ओढ्यातून जातो.

"उद्या जा," मी आर्डिसला म्हणाले. "पाऊस येईल."

"पिल्लं उद्यापर्यंत टिकत नाहीत, कॉरीन. आणि आता बटण आहे ना."

ओढ्याची एक कड रात्रीतून खचली होती. उतरताना ट्रक तिरका झाला, मागचं डावं चाक उचललं गेलं आणि ट्रक अडकला. तिनं बटण दाबलं. दिवा लागला. पंप घुरघुरला. तिनं हळूच ॲक्सिलरेटर दाबला आणि हवेतलं चाक गरगर फिरायला लागलं. जमिनीवरचं उजवं चाक जागचं हललं नाही.

तिनं बटण बंद केलं, पुन्हा लावलं. मागं घेऊन बघितलं, पुढं घेऊन बघितलं. खाली उतरून चाकाखाली दगड सारले, ते चिखलात गेले. तेवढ्यात पाऊस सुरू झाला, आणि पाऊस म्हणजे अर्धा बर्फच. इंजिन बंद पडलं तसा हीटरही गेला. पिल्लांची चिवचिव कमी व्हायला लागली तेव्हा तिनं खोकी फोडली, जेवढी मावली तेवढी कोटाच्या आत घातली, बाकीची एका खोक्यात पोत्यात गुंडाळून काखेत घेतली आणि चालायला लागली. ओढ्याच्या पलीकडच्या चढावर तिचा पाय चिखलात रुतून राहिला आणि ती वळली तशी गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. उरलेली वाट ती कशी गेली ते ती कधी सांगत नाही. गोल्डीनं मला सांगितलं. म्हणाली, दारात आली तेव्हा आर्डिस पांढरीफटक होती आणि कोटातून चिवचिव येत होती. कोटातली बरीचशी जगली. खोक्यातली मेली.

दुसऱ्या दिवशी ओडेल ट्रॅक्टर घेऊन गेला. बरोबर बेन्ट आणि गोल्डीचा जावई. ट्रक ओढून काढला. आर्डिस गुडघा बांधून गोल्डीच्या पायरीवर उभी होती.

"लॉकर लागलाच नाही," ती म्हणाली. "दिवा लागला, पंप वाजला, आणि लॉकर लागला नाही. काय बसवलंयस तू?"

आणि ओडेल, तिचा सख्खा भाऊ, सगळ्यांदेखत म्हणाला, "अडकल्यावर दाबून काय उपयोग? अडकायच्या आधी दाबायचं असतं, चाकं थांबलेली असताना. घाबरून दाबलं असशील, घाईघाईनं."

"मी घाबरले नव्हते."

"बरं, नव्हतीस."

ते तिघं हसले. गुडघ्यावर पट्टी बांधलेल्या बाईसमोर उभं राहून हसले. हे मी आज लिहितानाही माझे दात आवळले जातात.

त्यानंतर कॅफेत तो विनोदच झाला. आर्डिस आत आली की कुणीतरी विचारायचं, "काय, बटण सापडलं का?" वेट्रेसनं दिवा लावला की, "सांभाळून, आर्डिसला विचार कधी दाबायचं ते." ती पाय ओढत येऊन बसायची, पुढ्यातला केक खायची, निघून जायची. तिला वाटायला लागलं होतं की चूक आपलीच असेल. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. आर्डिससारख्या बाईला स्वतःच्या हातावर शंका यायला लागली होती. कंपनीची माहितीपुस्तिका तिनं मागवून घेतली आणि अंगणात ट्रक उभा करून सराव करायची. थांबायचं, बटण दाबायचं, दिवा बघायचा, हळू निघायचं. मी बघितलंय तिला तसं करताना. शाळेतल्या पोरीसारखी.

पण त्या सरावातूनच ती सावध झाली. एक दिवस खिडकीशी आली आणि पुस्तिका माझ्यासमोर धरली.

"हे वाच. इथं. लॉकर लावून वळवलं की काय होतं?"

मी वाचलं. लॉकर लावून कोरड्या जमिनीवर तीव्र वळण घेतलं तर दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरत असल्यामुळं आतलं चाक घासतं, ट्रक धक्के देतो, स्टिअरिंग जड होतं.

"माझा लोण्यासारखा वळतो," ती म्हणाली. "बटण लावून आणि बटण काढून, सारखाच. ओडेलला विचारलं, तर म्हणाला तुझा लॉकर नव्या पद्धतीचा आहे, त्याला तसं होत नाही."

"मग?"

"मग ही पुस्तिका त्याच लॉकरची आहे, कॉरीन. त्याच्या बिलावरच्याच नंबरची."

शनिवारी आम्ही नदीपलीकडं गेलो, रिझर्व्हेशनवर, म्हणजे मूळ रहिवाशांच्या राखीव मुलखात, लायनेल अझूरच्या गॅरेजात. लायनेल माझ्या ओळखीचा होता, तिच्या नव्हता. गंभीर चेहऱ्यानं थट्टा करणारा माणूस. तिनं सगळं सांगितलं. त्यानं मागचं एक चाक जॅकवर उचललं, ट्रक गिअरमध्ये ठेवला, तिला आत बसवून बटण दाबायला लावलं. दिवा लागला, पंप वाजला. मग त्यानं चाकाच्या बोल्टांवर लांब पाइप अडकवला आणि अंगाचं वजन टाकलं. चाक कुरकुरत, सावकाश, पण फिरलं.

"बाई, लॉकर असता तर मी या पाइपावर माझ्या सासूला बसवलं असतं तरी चाक हललं नसतं," तो म्हणाला.

मग त्यानं आसाचं झाकण काढलं. काळं तेल खालच्या भांड्यात गळलं. टॉर्चच्या उजेडात आत बघितलं. नंतर ट्रकखाली पाठीवर सरकला आणि पंपाची नळी हातानं चाचपत मागं गेला. बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावरची थट्टा गेली होती.

"आत लिमिटेड स्लिप आहे. चकत्यांचं. चांगलं आहे, नवं आहे. हवेची नळी आसापर्यंत येतच नाही. चेसिसवर बांधलीय आणि टोकाला बोल्ट ठोकून बंद केलीय. तुमचं बटण दिवा लावतं आणि पंप वाजवतं. एवढंच करतं." तो पुन्हा आसाकडं वळला. "काम फार सफाईचं आहे. ज्यानं कुणी केलंय, त्यानं वेळ घेऊन केलंय."

"माझ्या भावानं केलंय," आर्डिस म्हणाली.

लायनेलनं फडकं उचललं आणि हात पुसत दुसरीकडं बघितलं. मग विचारलं, "मी बदलून देऊ?"

"नाही. झाकण लाव. तोच बदलेल."

परतीच्या वाटेवर ट्रक ती चालवत होती. मीच बडबडत होते. नदीवरच्या पुलावर तिनं एकदा बटण दाबलं. दिवा लागला. तिनं तो तसाच लागलेला राहू दिला, गाव येईपर्यंत.

ओडेल गॅरेज बंद करायच्या बेतात होता. तिनं ट्रक सरळ आत घातला, उतरली आणि म्हणाली, "उघड."

"काय उघडू?"

"आस. लायनेल अझूरनं उघडून बघितलाय. आता तू उघड, माझ्यासमोर. आणि मी मागवलेला लॉकर कुठंय?"

मला वाटलं तो नाकारेल. नाकारला नाही. तसाच मागच्या फळीकडं गेला, ताडपत्री बाजूला केली. कंपनीचं खोकं तिथंच होतं, पट्टीसुद्धा न फोडलेलं.

आर्डिस ते बघत राहिली. "म्हणजे हा इथं होता," ती म्हणाली. "मी ओढ्यात होते तेव्हा हा इथं होता. पिल्लं मेली तेव्हा हा इथं होता. तू मला गोल्डीच्या पायरीवर घाबरट म्हणालास तेव्हा तुला माहीत होतं की हा इथं आहे."

"आर्डिस, तुझ्या भल्यासाठी..."

"ते वाक्य पुरं करू नकोस. पाना हातात घे."

तिनं तेलाचा रिकामा डबा उलटा केला आणि त्यावर बसली, दुखरा पाय पुढं पसरून. मला म्हणाली, "तू जायचं तर जा. राहिलीस तर बरं होईल. उद्या हा म्हणेल, आर्डिसनं आपल्या मनानं रचलं." मी राहिले.

काम त्या दिवशी संपण्यासारखं नव्हतंच. चाकं काढायची, दोन्हीकडचे दांडे ओढायचे, आतलं डिफरन्शियल बाहेर काढायचं, त्याचं क्राऊन म्हणजे मोठं दातेरी चाक सोडवून लॉकरवर चढवायचं, मग पातळ पत्र्या घालून दाते नीट जुळवायचे. रविवारी चर्च सोडून ती पुन्हा त्या डब्यावर येऊन बसली, आणि मीही. तो काम करत होता, ती बघत होती. मधेच ती विचारायची, "हे काय?" आणि त्याला सांगावं लागायचं. लिमिटेड स्लिपच्या चकत्या त्यानं टेबलावर ठेवल्या तेव्हा ती उठली, त्यातली एक हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि परत ठेवली.

रविवारी दुपारी त्यानं पाना खाली ठेवला. ट्रकखालीच बसून राहिला, तिच्याकडं न बघता.

"पामरला मी लॉकर बसवला होता," तो म्हणाला. "आपला आपण लागणारा. त्यानं मागितला होता."

आर्डिसनं दुखरा पाय जवळ ओढून घेतला.

"पुलाच्या वळणावर बूड फिरलं त्याचं. पोलिसांनी लिहिलं, बर्फ. सगळे म्हणाले बर्फ. मी ट्रक आणायला गेलो होतो. मला माहीत होतं बूड का फिरलं. तुझ्या ट्रकला दुसरा लॉकर मी कसा लावणार होतो? हात चालेनात माझे. खोकं उघडायला घेतलं आणि नाही झालं."

पामर असा गेला हे गावाला माहीत होतं. ओडेल इतकी वर्षं हे पोटात घेऊन फिरतोय हे कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं, आता आर्डिस रडेल. तो रडत होता.

ती रडली नाही. तिचा आवाज इतका खाली आला की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"पामर बर्फावर कसा चालवायचा ते मला माहीत आहे. त्याच्या शेजारी मी बसलेय. तुझ्या लॉकरनं तो गेला की स्वतःच्या हातानं, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. तू मला हे सांगायचं होतंस, ओडेल. म्हणायचं होतंस, आर्डिस, मी हे लावणार नाही, माझ्यानं होणार नाही, दुसऱ्याकडं जा. मी गेले असते. एका शब्दानं तुला बोलले नसते. दोघं बसून पामरसाठी रडलोही असतो. तू काय केलंस? दिवा लावलास. पंप लावलास, वाजायला. लहान पोराला खेळण्यातलं स्टिअरिंग देतात तसं. आणि मी पडले तेव्हा तू हसलास."

"हसलो नाही. बेन्ट हसला, मी..."

"तू हसलास."

तिनं खाली ठेवलेला पाना उचलून त्याच्या हातात दिला.

"एवढं पुरं कर," ती म्हणाली, "आणि उद्या सकाळी कॅफेत जाऊन सांग. सगळे असतील तेव्हा. काय केलंस ते."

"दुसरं काहीही सांग, आर्डिस. गॅरेज लिहून माग. तेवढं नको."

"तेवढंच हवंय."

त्यानं काम पुरं केलं. तेल भरलं, नळी जोडली, चाक जॅकवर घेऊन तिला दाखवलं. तिनं स्वतः पाइपावर वजन टाकलं. चाक तसूभर हललं नाही. पण कॅफेचं तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

सोमवारी सकाळी कॅफे भरलेला होता. ओडेल आला नाही. आर्डिस आली. कुणीतरी सवयीनं म्हणालंच, "बटण सापडलं का?"

"सापडलं," ती उभ्यानंच म्हणाली. आणि सगळं सांगितलं. लिमिटेड स्लिप, बोल्ट ठोकलेली नळी, ताडपत्रीखालचं खोकं. पामरचं मात्र एक अक्षर बोलली नाही. ते तिनं भावाचं झाकून ठेवलं, आणि त्याबद्दल गावानं तिला कधी मानलं नाही, कारण गावाला ते ठाऊकच नव्हतं.

सगळे कपात बघत होते. शेवटी बेन्ट म्हणाला, "जाऊ दे, आर्डिस. भल्यासाठीच केलं ना त्यानं. भाऊ आहे."

ती त्याच्या टेबलाशी गेली. "बेन्ट, उद्या तुझ्या धान्याच्या काट्यात कुणी तुझ्या भल्यासाठी खोटं वजन भरलं, आणि वर तुलाच म्हणालं की तुला मोजता येत नाही, तर तू काय करशील?"

बेन्टनं कप बाजूला सरकवला.

"मी तुझ्यापेक्षा कमी करतेय," ती म्हणाली आणि निघून गेली. कॉफी न घेता.

गावानं तिची बाजू घेतली असं समजू नका. आठ दिवस कुजबुज झाली, मग बायका म्हणायला लागल्या की घरातली गोष्ट तिनं चव्हाट्यावर आणली. चर्चमध्ये ओडेलच्या शेजारी लोक आवर्जून बसायचे. पण गॅरेजात एक फरक पडला. गिऱ्हाईक काम घेताना म्हणायचं, जरा झाकण उघडं ठेव, मला बघायचंय. हसत म्हणायचं, पण म्हणायचं. ओडेलला ते झोंबलं आणि त्यानं आर्डिसशी बोलणंच टाकलं. तीही त्याच्या दारात पुन्हा गेली नाही. तेल बदलायलासुद्धा ती लायनेलकडं नदीपलीकडं जायची.

लॉकर मात्र तिनं वापरला, जसा ती म्हणाली होती तसा. चिखलात लावला, डांबरावर काढला. बर्फावर तिनं त्या बटणाला कधी हात लावला नाही. गोल्डीच्या ओढ्यातून ती कितीदा गेली आणि आली. गुडघ्याचं दुखणं मात्र कायमचं राहिलं. चढताना ती दाराला धरून अंग वर ओढते.

बरीच वर्षं गेली. ओडेल थकला, गॅरेज अर्धा दिवसच उघडायला लागला. एकदा मी कॅफेत होते तेव्हा रँचवाला व्हर्लिन स्ट्रॅन्ड त्याच्या टेबलाशी बसला होता. त्याची मुलगी नर्स, लांबच्या दवाखान्यात जायची, तिला जुना पिकअप घेतला होता आणि तिनं लॉकर मागितला होता.

"तू आपलं लिमिटेड स्लिप टाक," व्हर्लिन म्हणाला. "तिला काय कळतंय. लॉकरच आहे म्हणून सांगू."

ओडेलनं हातातला काटा-चमचा खाली ठेवला. बेन्ट होता, वेट्रेस होती, खिडकीजवळ दोन ट्रकवाले होते. तो मोठ्यानं बोलला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मी हे एकदा केलंय. माझ्या बहिणीला. ती म्हणाली तेव्हा मी इथं आलो नाही, घरी बसून राहिलो. ती म्हणाली ते सगळं खरं होतं. तुझ्या मुलीला विचार तिला काय पाहिजे. पाहिजे तर मी तिला दोन्ही समजावून सांगेन. पण खोटं मी पुन्हा लावणार नाही."

मी उरलेला केक तसाच ठेवून पोस्टात आले. आर्डिस मागच्या दाराशी खोकी भरत होती. मी तिला शब्द न् शब्द सांगितला.

ती ऐकत राहिली. खोकं हातातच होतं.

"कोण कोण होतं?"

मी नावं सांगितली.

"बेन्ट होता?"

"होता."

तिनं खोकं ट्रकमध्ये ठेवलं, दुसरं उचललं.

"फार उशीर केला," ती म्हणाली. "माझा राग गेलेला नाही, हे त्याला सांग, भेटला तर."

"आणखी काही?"

ती दाराला धरून वर चढली, पाय आत ओढून घेतला, काच खाली केली.

"त्या मुलीला म्हणावं, झाकण उघडं असताना तिथं थांब. आणि ओडेलला विचार, रविवारी जेवायला येतोस का. यायचं तर बेन्टला आणू नको म्हणावं."

आणि टपाल घेऊन ती उत्तरेला निघाली.